परसातील तांबडा भोपळा : लागवड, पाकक्रिया आणि बीजनिवड

भाजीपाल्याच्या बहुसंख्य पिकांत खाण्याचे फळ आणि बियाण्याचे फळ ही दोन निरनिराळी असतात. भेंडी, गवार, काकडी, दोडका, पडवळ, दुध्या भोपळा ही सर्व फळे कोवळी असतानाच खुडली जातात. त्यांतील बी त्या वेळी अपक्व असते आणि ते पेरण्याच्या उपयोगाचे नसते. बियाणे हवे असेल तर वेलीवरचे एखादे फळ न खाता राखून ठेवावे लागते. अर्थात ज्या फळाची चव कळली त्याचे बी मिळत नाही, आणि ज्याचे बी मिळते त्याची चव कळत नाही. तांबडा भोपळा या सामान्य नियमाला महत्त्वाचा अपवाद आहे. तो प्रायः पूर्ण पिकल्यावर, किंबहुना पिकून काही काळ घरात राहिल्यावर चिरला जातो. ज्या क्षणी विळीवर त्याच्या फोडी होतात, त्याच क्षणी त्याचे पक्व बी हाती येते. आणि त्याच दिवशी त्याच्या गराचा रंग, जाडी, गोडी आणि पाणथळपणा यांची परीक्षाही स्वयंपाकघरात होऊन जाते. या एका वैशिष्ट्यामुळे तांबड्या भोपळ्याच्या बाबतीत पाककर्म आणि बीजनिवड या दोन क्रिया परस्परांत गुंतलेल्या आहेत. परसातील लागवडीचा आणि पारंपरिक पाकक्रियांचा एकत्र विचार करणे त्यामुळे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

१. नाव आणि कुल

मराठीत ‘भोपळा’ हा शब्द एका वनस्पतीचा वाचक नाही. दुध्या भोपळा, तांबडा भोपळा आणि कोहळा ही तीन फळे व्यवहारात एकमेकांजवळ उभी केली जातात. परंतु वनस्पतिशास्त्रदृष्ट्या ती तीन स्वतंत्र प्रजातींतील आहेत. दुध्या व त्याचाच कडू, टणक कवचाचा प्रकार लॅजिनेरिया सिसेरारिया या जातीत मोडतात. कोहळा म्हणजे बेनिनकासा हिस्पिडा. तांबडा भोपळा कुकुर्बिटा या प्रजातीतील असून महाराष्ट्रात आढळणारे तांबडे भोपळे बहुतांशी कुकुर्बिटा मोस्काटा या जातीचे असतात. कुकुर्बिटा मॅक्सिमा ही जातीही देशात लावली जाते. या दोहोंतील भेद देठावरून सहज ओळखता येतो. मोस्काटाचा देठ कठीण, पाचकोनी आणि फळाला जेथे जोडलेला असतो तेथे पसरट झालेला असतो. मॅक्सिमाचा देठ गोलसर, मऊ आणि बुचासारखा असतो. मोस्काटाच्या पानांवर शिरांच्या बेचक्यांत पुष्कळदा रुपेरी पांढरे ठिपके दिसतात.

यांपैकी पहिली दोन फळे भारतीय परंपरेत प्राचीन आहेत. अलाबूचा उल्लेख अथर्ववेदात येतो आणि कूष्मांडाचा चरक व सुश्रुत यांच्या संहितांत. कूष्मांड या शब्दापासूनच प्राकृत ‘कोहंड’ आणि त्यापासून मराठी ‘कोहळा’ सिद्ध झाला. वाळलेला, पोकळ केलेला कडू भोपळा पाण्याचे भांडे म्हणून, पोहताना आधार म्हणून आणि तंतुवाद्यांचा ध्वनिकोश म्हणून उपयोगात येत असे. मिरजेच्या तंबोऱ्याला लागतो तो हाच भोपळा होय. तांबड्या भोपळ्याचा मात्र प्राचीन वाङ्मयाशी संबंध नाही, कारण तो या देशात उशिरा आला. कुकुर्बिटा प्रजातीतील सर्व लागवडयोग्य जाती अमेरिका खंडातील आहेत. मेक्सिकोतील ओआहाका खोऱ्यातल्या गिला नाकित्झ गुहेत सापडलेल्या कुकुर्बिटा पेपो या जातीच्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या असल्याचे ब्रूस स्मिथ यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. इ. स. १४९२ पूर्वी ही प्रजाती जुन्या जगाला ठाऊक नव्हती. १४९८ मध्ये पोर्तुगीज कालिकतला पोहोचले व १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतले. मिरची, मका, पेरू, काजू, पपई यांच्याप्रमाणेच तांबडा भोपळाही त्यानंतरच्या काळात या भूमीत रुजला.

२. परकीयाचे स्वकीयीकरण

नव्याने आलेल्या या फळाला समाजाने नवे नाव दिले नाही, तर जुन्या फळांची नावे वाटून दिली, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखी आहे. देशावर त्याला ‘भोपळा’ हे दुध्याचेच नाव मिळाले आणि ‘लाल’ किंवा ‘तांबडा’ एवढे विशेषण भेद दाखविण्यास पुरेसे ठरले. विदर्भात त्याने कोहळ्याचे नाव घेतले. तेथे ‘कोहळ्याची भाजी’ म्हटले की तांबड्या भोपळ्याचीच भाजी अभिप्रेत असते. गोव्याच्या कोंकणीत तो ‘दुदी’ झाला. खानदेशात त्याला ‘डांगर’ म्हणतात; पुण्याकडे मात्र हाच शब्द उडदाच्या पिठाच्या एका तोंडीलावण्याचा वाचक आहे. ‘काशीफळ’ आणि ‘गंगाफळ’ ही नावे तर अधिकच बोलकी आहेत. समुद्रापलीकडून आलेल्या फळाला काशीचे व गंगेचे नाव देण्याइतपत त्याचे परकेपण विसरले गेले होते. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीच्या कथेतील वाहन वस्तुतः पोकळ, हलका, वाळका भोपळा असला पाहिजे. पण बालवाङ्मयातील चित्रांत आज ती तांबड्या भोपळ्यातून जाताना दिसते.

हे स्वकीयीकरण केवळ नावापुरते राहिले नाही. भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे ऋषिपंचमीस, बैलाच्या श्रमाचे अन्न खावयाचे नाही असा संकेत आहे. नांगरटीच्या शेतातील धान्य त्या दिवशी वर्ज्य. परसात हाताने खणून लावलेल्या भाज्या ग्राह्य. त्या दिवशीच्या मिश्र भाजीत अळू, माठ, सुरण, पडवळ, शिराळे यांच्या सोबतीने तांबडा भोपळा आणि मक्याचे कणीस ही दोन अमेरिकी पिके निःशंकपणे घातली जातात. यात विसंगती नाही. हा संकेत पिकाचे मूळस्थान विचारीत नाही. ते कसे पिकविले एवढेच विचारतो. कुदळीने आळे खणून लावलेला भोपळा या कसोटीस पूर्णपणे उतरतो. उपवासाच्या बाबतीतही असेच झाले आहे. धान्य वर्ज्य असल्यामुळे त्या दिवशी फळांना व कंदांना महत्त्व येते आणि बटाटा, रताळे, शेंगदाणा यांच्याबरोबर तांबडा भोपळाही पुष्कळ घरांतून उपवासास चालतो. तात्पर्य, धार्मिक आचाराने या वनस्पतीला स्थान दिले ते तिच्या कुळाकडे पाहून नव्हे, तर परसाशी असलेल्या तिच्या नात्याकडे पाहून.

३. आळे, वेल आणि मांडव

भोपळ्याला शेत लागत नाही, आळे लागते. साधारणतः ४५ ते ६० सेंटिमीटर लांब, रुंद व तितकाच खोल खड्डा घेऊन तो माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी राख यांनी भरतात. पावसाळी लागवड जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत आणि उन्हाळी लागवड जानेवारी-फेब्रुवारीत होते. प्रत्येक आळ्यात दोन ते अडीच सेंटिमीटर खोलीवर तीन-चार बिया टोचतात. उगवण आठवडाभरात होते आणि त्यानंतर सशक्त अशी दोनच रोपे राखतात. पावसाळ्यात आळ्याची माती भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित उंच असावी, कारण मुळाशी साचलेले पाणी या वेलीला सोसत नाही. दोन आळ्यांत दोन ते तीन मीटर अंतर पाहिजे. वेल सहज पाच-सहा मीटर पसरतो. म्हणून परसात त्याला कुंपण, गोठ्याचे छप्पर किंवा मांडव यांचा आधार दिला जातो. शहरात गच्चीवर अर्ध्या पिंपातही तो येऊ शकतो. मात्र तेथे एका पिंपात एकच वेल ठेवणे श्रेयस्कर.

शेणखत अति झाले, विशेषतः ते नत्राने समृद्ध असले, तर वेल ‘माजतो’. म्हणजे पानांचा विस्तार होतो आणि फळधारणा मागे पडते. यावर रूढ उपाय शेंडे खुडण्याचा आहे. मुख्य वेलीचा शेंडा खुडला की बाजूचे फुटवे जोम धरतात. खुडलेले कोवळे शेंडे आणि पाने टाकून दिली जात नाहीत. त्यांवरील राठ लव व शिरा काढून त्यांची भाजी होते. येथे बागेतील छाटणी आणि स्वयंपाकाची सामग्री गोळा करणे या दोन वेगळ्या क्रिया उरत नाहीत.

रोपावस्थेत मुख्य शत्रू तांबडे भुंगेरे. ते बीजदले व कोवळी पाने कुरतडतात. पहाटेच्या गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हाच हाताने वेचणे सोपे जाते. त्याच वेळी दवाने ओल्या पानांवर चुलीची राख भुरभुरण्याची प्रथा आहे. फळ धरल्यावर फळमाशीचा उपद्रव होतो. मादी कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते आणि आतील अळ्यांमुळे फळ सडून गळते. असे गळलेले फळ वेलीखाली पडू दिल्यास अळ्या मातीत कोषावस्थेत जातात व पुढची पिढी तयार होते. म्हणून ते वेचून खोल पुरणे अत्यावश्यक होय. नव्याने धरलेल्या फळाला कापड किंवा कागद सैल गुंडाळल्यास बरेच संरक्षण मिळते. थंडी सुरू झाल्यावर पानांवर भुरी दिसते; त्या सुमारास पावसाळी पिकाची फळे तयार होत आलेली असल्यामुळे परसबागेत तिची हानी मर्यादित राहते.

४. फूल आणि फळधारणा

भोपळ्याच्या एकाच वेलीवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात. लागवडीनंतर सुमारे दीड महिन्याने प्रथम नर फुले उमलतात व काही दिवस तीच दिसतात. या अवस्थेत ‘वेल फुलतो पण धरत नाही’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती अकाली असते. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली चिमुकले फळ स्पष्ट दिसते, नर फूल लांब सडपातळ देठावर असते. दोन्ही फुले पहाटे उमलतात आणि दुपारपूर्वीच मिटतात. परागीभवन मधमाश्या करतात. जेथे मधमाश्या विरळ आहेत, विशेषतः दाट वस्तीच्या शहरात, तेथे सकाळी लवकर ताजे नर फूल खुडून, पाकळ्या मागे दुमडून, त्यातील परागकोश मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरविल्यास फळ धरते. परागकण न मिळालेले चिमुकले फळ काही दिवसांत पिवळे पडून गळते.

नर फुले संख्येने फार अधिक असल्यामुळे त्यांतील बरीच खाण्यास घेता येतात. डाळीच्या पिठात बुडवून त्यांची भजी तळतात. तत्पूर्वी आतील परागकोश काढून टाकावा आणि फुलात मुंग्या नाहीत हे पाहावे. ही फुले खुडण्याची योग्य वेळ सकाळ उलटताना, म्हणजे मधमाश्यांचे काम आटोपल्यावर. पहाटे सर्व नर फुले खुडणारा मनुष्य स्वतःच्याच फळांवर कुऱ्हाड घालीत असतो.

फळधारणेपासून पक्वतेपर्यंत साधारण ४० ते ५० दिवस लागतात. जमिनीवरच्या फळाखाली गवताची चुंबळ ठेवावी, म्हणजे ओलाव्याने बूड सडत नाही. मांडवावरील जड फळास शिंक्याचा आधार द्यावा.

५. काढणी आणि साठवण

पक्वतेची लक्षणे तीन आहेत. देठ वाळून कठीण व करडा होतो; सालीवर नख रोवत नाही; आणि जमिनीला टेकलेला भाग फिकट पिवळा ते तांबूस होतो. फळ काढताना चार-पाच सेंटिमीटर देठ त्याला राखला पाहिजे, कारण देठ निखळलेल्या जागेतूनच कूज आत शिरते. देठ धरून फळ उचलण्याची सवयही याच कारणास्तव वाईट. काढल्यानंतर आठ-दहा दिवस ते उबदार, हवेशीर जागी ठेवले की साल अधिक टणक होते. पुढे माळ्यावर, एकमेकांस न टेकता ठेवलेली फळे तीन-चार महिने, व उत्तम पक्व फळे त्याहूनही अधिक काळ टिकतात.

साठवण म्हणजे केवळ राखण नव्हे. या काळात गरातील पिष्टमय द्रव्याचे काही अंशी शर्करेत रूपांतर होते आणि मोस्काटा जातीत कॅरोटिनचे प्रमाणही वाढते. नुकताच काढलेला भोपळा बेचव लागतो व महिन्या-दोन महिन्यांनी तोच गोड लागतो, हा गृहिणींचा अनुभव रसायनशास्त्राला धरून आहे.

६. पाकक्रियेची तत्त्वे

तांबड्या भोपळ्याच्या गरात सुमारे ९० टक्के पाणी असते. पारंपरिक पाकक्रियांतील बहुतेक नियम या एका वस्तुस्थितीतून निघालेले आहेत.

भाजीचे उदाहरण घ्यावे. फोडी साल ठेवून मोठ्या चिरतात, कारण सालीमुळे फोड विरघळत नाही. फोडणीत मोहरी-हिंगाबरोबर मेथीदाणे घालतात. मेथीचा कडवटपणा भोपळ्याच्या गोडीला आवर घालतो. पाणी मुळीच घालावयाचे नाही; पातेल्यावर झाकण ठेवून त्या झाकणावर पाणी ओतावयाचे, म्हणजे फळाचे स्वतःचे पाणी वाफ होऊन पुन्हा आत उतरते. मग तिखट, मीठ, गूळ, गोडा मसाला आणि शेवटी खोबरे. फोडणीचे तेल व खोबऱ्यातील स्निग्धांश यांचे कार्य केवळ चवीचे नाही. कॅरोटिन स्निग्ध द्रव्यात विरघळणारे असल्यामुळे तेला-तुपाच्या सान्निध्यातच शरीर ते नीट शोषून घेते; आणि त्यापासूनच शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार होते. विदर्भातील पंगतींत या भाजीला मानाचे स्थान आहे.

भरितात गर वाफवून कुस्करतात व तो निवल्यावर दही घालतात. गरम गरात दही घातल्यास ते फुटते आणि भरीत पाणचट होते. एरवी यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि हिंग-मोहरीची फोडणी; उपवासाच्या दिवशी कांदा गळतो, तूप-जिऱ्याची फोडणी येते आणि शेंगदाण्याचे कूट पाणी शोषून भरिताला घट्टपणा आणते.

या सर्वांत घारगे हा पदार्थ विशेष अभ्यासनीय आहे. भोपळ्याचा कीस थोड्या तुपावर वाफवून त्यात गूळ विरघळवितात. दोन वाट्या किसास साधारण एक वाटी गूळ. मिश्रण कोमट असताना त्यात चिमूटभर मीठ, वेलदोडा किंवा जायफळ आणि मावेल तेवढी कणीक, व खुसखुशीतपणासाठी थोडी तांदळाची पिठी घालून घट्ट मळतात. पाण्याचा थेंबही वापरीत नाहीत. जाडसर थापून, वर खसखस दाबून ते मंद आचेवर तळतात. पाण्याचा अंश कमी असल्यामुळे घारगे काही दिवस टिकतात आणि प्रवासाच्या शिदोरीस उपयोगी पडतात. कोकणातील भोपळ्याचे गोड वडे आणि विदर्भातील कोहळ्याची बोंडे ही याच तत्त्वाची भावंडे होत.

‘मावेल तेवढी कणीक’ हे प्रमाण वरवर अनिश्चित भासते. प्रत्यक्षात ते एक मापन आहे. फळ पाणथळ असेल तर कणीक जास्त लागते; त्यामुळे भोपळ्याची चव मागे पडते आणि घारगे निबर होतात. गर घट्ट असेल तर कणीक कमी लागते, रंग गडद येतो आणि गूळही बेताने पुरतो. म्हणजे दोन वाट्या किसाने किती कणीक घेतली, या एका निरीक्षणावरून फळाच्या गरातील घन द्रव्याचा अंदाज बांधता येतो. उपकरणाविना केलेली ही परीक्षा होय, आणि ती करणारी व्यक्ती परीक्षेच्या वेळी त्याच फळाचे बी शेजारच्या ताटलीत ठेवून बसलेली असते.

फळाचा कोणताही भाग वाया जात नाही. कोवळ्या सालीची तीळ-खोबरे घालून चटणी करतात. वाळविलेल्या बिया भाजून खातात किंवा सोलून त्यांतील गर लाडवांत घालतात.

७. विळीवरची निवड

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. पेरणीसाठी बी राखताना घरात जी निवड होते, तिचे घटक पुढीलप्रमाणे मांडता येतील. पहिला घटक टिकाऊपणाचा. अकाली सडलेले फळ उकिरड्यावर जाते. माघ-फाल्गुनापर्यंत माळ्यावर टिकलेल्या फळाचे बी मात्र पुढच्या ज्येष्ठात हाताशी असते. अशा रीतीने कोणी हेतुतः न ठरविताही टिकाऊपणाची निवड घडते. दुसरा घटक गराचा : त्याची जाडी, रंग व घट्टपणा, याची परीक्षा भाजीत व घारग्यांत होते. तिसरा चवीचा. चौथा वेलीचा, कोणत्या वेलीने भुंगेरे व भुरी सोसूनही फळे दिली, हे परसात वावरणाऱ्या व्यक्तीला ठाऊक असते. निवडलेल्या फळाचे बी धुऊन, राखेत चोळून सावलीत वाळवितात; काही ठिकाणी ते शेणाच्या गोळ्यात दाबून भिंतीवर थापून ठेवतात. नीट वाळलेले बी चार-पाच वर्षे उगवणक्षम राहते.

एका परसात दोन-चारच वेल असतात. इतक्या अल्प संख्येवर बीजपरंपरा टिकेल काय, ही शंका शास्त्रीय दृष्ट्या योग्य आहे. मक्यासारख्या पिकात ती खरी ठरते. थोड्याच ताटांचे बी पिढ्यान्पिढ्या धरल्यास मका झपाट्याने क्षीण होतो. कुकुर्बिटा प्रजाती मात्र जवळच्या संकराचा दुष्परिणाम पुष्कळ अंशी सहन करते. ही वेल घरगुती बीजरक्षणाला अनुकूल आहे, ती या कारणाने.

तथापि या निवडीची एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. फळाचा गर मातृवेलीचा असतो. बीमध्ये मात्र मातेबरोबर पित्याचाही अंश असतो, आणि पराग कोठल्या वेलीचा आला हे मधमाशीलाच ठाऊक. त्यामुळे गोड फळाचे बी गोडच निपजेल याची शाश्वती नाही. निवड अर्धीच हाती असते. पूर्ण निवड करावयाची असल्यास उपाय सोपा आहे. उद्या उमलणारी एक मादी व एक नर कळी, दोन्ही चांगल्या वेलींवरच्या, सायंकाळी दोऱ्याने सैल बांधून ठेवाव्यात. सकाळी हाताने परागीभवन करून मादी फूल पुन्हा बांधावे आणि त्या फळाच्या देठाला खूण करावी. याच संदर्भात दोन रूढ समजुतींचे निरसन करणे इष्ट आहे. दुध्याशेजारी तांबडा भोपळा लावल्यास दोघांची मिसळ होते हा समज निराधार आहे. त्या भिन्न प्रजाती असल्याने त्यांचा संकर होत नाही. तसेच परक्या परागाने या वर्षीच्या फळाची चव बिघडत नाही. परिणाम झालाच तर तो पुढील पिढीत दिसतो.

मात्र एक सावधगिरी अनिवार्य आहे. या कुलातील वनस्पतींत कुकुर्बिटासिन नावाची कडू, विषारी द्रव्ये असतात. लागवडीच्या वाणांत ती निवडीने जवळजवळ नाहीशी झालेली असली तरी संकराने अथवा अन्य कारणाने पुन्हा प्रकट होऊ शकतात. कडू दुध्याच्या रसाने झालेल्या विषबाधांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा वृत्तान्त भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा आशय तांबड्या भोपळ्यासही लागू पडतो : कच्च्या गराचा तुकडा जिभेला लावून पाहावा आणि तो कडू लागल्यास फळ टाकून द्यावे, शिजवून वा गूळ घालून तो कडूपणा झाकू नये. त्या फळाचे बीही राखू नये. चव घेणे ही निवडीची पहिली पायरी आहे, तशीच ती सुरक्षिततेचीही पहिली पायरी आहे.

८. साखळी कोठे तुटते

कृषिसंशोधन संस्थांनी भोपळ्याचे उत्तम वाण दिले आहेत. बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे अर्का चंदन व अर्का सूर्यमुखी, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा विश्वास ही त्यांची उदाहरणे होत. हे सरळ वाण असल्याने त्यांचे बी घरी धरता येते, आणि परसातील निवडीशी त्यांचा विरोध नाही. संकरित बियाण्याची गोष्ट वेगळी आहे. त्याची पहिली पिढी एकसारखी व भरघोस असली तरी तिच्या बियांतून येणारी दुसरी पिढी विस्कळीत निघते. त्यामुळे बी राखण्याचा हेतूच निष्फळ होतो.

परंतु साखळी तुटण्याचे याहून खोल कारण भोपळा फोडीच्या रूपाने घरात येऊ लागला, हे आहे. बाजारातून पाव किलोची फोड आणणाऱ्या घरात बीही येते; पण त्याच्या सोबतीने येणारे ज्ञान येत नाही. वेल कसा होता, फळ किती महिने टिकले, त्याच्या जोडीची फळे कशी होती, यांपैकी काहीच त्या फोडीवरून कळत नाही. चव पाहणारी व्यक्ती आणि बी पेरणारी व्यक्ती एक असण्यातच ज्या पद्धतीचे सामर्थ्य होते, ती पद्धत त्या दोन व्यक्ती वेगळ्या झाल्याबरोबर थांबते. पाककृती पुस्तकांतून टिकू शकतात. एखाद्या घराचा घट्ट गराचा, फाल्गुनापर्यंत टिकणारा वाण पुस्तकात टिकत नाही. काही वर्षे बी पेरले गेले नाही तर डब्यात राहिलेले बी मरते आणि त्यासोबत कित्येक पिढ्यांची निवड संपते. ही हानी कोठेही नोंदली जात नाही, कारण तो वाणही कोठे नोंदलेला नसतो.

या ज्ञानाला अलीकडे काही प्रमाणात मान्यता मिळू लागली आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ या कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा अधिकार मान्य केला, आणि शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी शक्य केली. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी घरात गावरान बियाण्यांची बँक उभारली. त्या कार्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. अशा कार्याचा गाभा बी साठविणे एवढाच नसून ते दरवर्षी पेरणे, खाऊन पाहणे आणि पुन्हा निवडणे हा आहे. शीतगृहात बी जिवंत राहते, पण निवड थांबते.

म्हणून तांबड्या भोपळ्याच्या अभ्यासकाने वाणांचे नमुने गोळा करताना वेलीची, देठाची व पानांची नोंद करावी, तशीच स्वयंपाकघरातीलही करावी : फळ केव्हा काढले, केव्हा चिरले, घारग्यांस किती कणीक लागली, बी कोणी राखले आणि कोणास दिले. यांतील प्रत्येक नोंद एका वाटीने व एका वहीने होण्यासारखी आहे. ज्या घरात अद्याप आळे खणले जाते, तेथे ती या वर्षीच्या पिकापासून सुरू करता येईल. आणि जेथे आळे बुजले आहे, तेथे ओळखीच्या परसातून आलेला एक पूर्ण, देठासह असलेला भोपळा ही नव्या आरंभास पुरेशी सामग्री आहे.